सहा तास उपाशी राहूनही गाठ चमकते, ती साखर येते कुठून?

प्रश्न थोडक्यात असा: आईला (वय ५८) स्तनाचा कर्करोग आहे. पेट स्कॅनच्या रिपोर्टमध्ये गाठीपुढे 'एसयूव्ही ११' असं लिहिलंय. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात म्हणून गाठ चमकते, असं स्कॅनच्या वेळी सांगितलं गेलं. तेव्हापासून घरच्यांनी आईची साखर, गूळ, भात, पोळी, फळं सगळं बंद केलंय. तीन आठवड्यांत तिचं वजन चार किलोंनी उतरलं. गाठीला उपाशी मारायचा हा मार्ग बरोबर आहे का? आणि स्कॅनसाठी साखरच टोचतात, त्यानं गाठ वाढली नसेल ना?

आधी हातचं काम: आईंची पोळी, भात, डाळ, फळं आजपासून सुरू करा, आणि चार किलो उतरल्याचं तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना आजच फोन करून कळवा. पुढचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी न्यूक्लिअर मेडिसिनचा डॉक्टर आहे, म्हणजे ज्या यंत्राच्या रिपोर्टवरून तुमच्या घरात हे सुरू झालं ते यंत्र माझंच. 'साखर खाते म्हणून चमकते' हे वाक्य मीही हजार वेळा बोललोय. ते खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं सांगायला ओपीडीत वेळ नसतो.

टोचलेल्या साखरेची भीती पहिली काढून टाकू. इंजेक्शनमधला पदार्थ एफडीजी, म्हणजे ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा एक तुकडा काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन बसवलेला रेणू. वजनात तो इतका थोडा असतो की साखरेचा एक दाणा त्यापुढे डोंगर वाटावा. त्या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं. त्यामुळे तो साठवून ठेवता येत नाही; पहाटे सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनतो आणि सकाळी रुग्णाच्या शिरेत जातो. माणसाला तो पहिल्यांदा दिला गेला १९७६ मध्ये, फिलाडेल्फियात. आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. त्याआधी आम्ही हे सगळं फक्त पुस्तकात वाचायचो. (बऱ्याच हिंदी भाषक नातेवाइकांना 'पेट स्कॅन' म्हणजे पोटाचा स्कॅन वाटतो. मेंदूचा पेट स्कॅन समजावताना आमची रिसेप्शनवरची मुलगी रडकुंडीला येते.)

आता हा रेणू पेशीत काय करतो ते बघा. पेशीच्या कातडीवर ग्लुकोज आत घ्यायची दारं असतात, त्यांतलं ग्लुट-१ हे आपल्या कामाचं. त्या दारातून एफडीजी ग्लुकोजसारखाच आत जातो. आत हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का बसला की दारातून परत जाता येत नाही. खऱ्या ग्लुकोजचं यापुढे रूप बदलत जातं, पण एफडीजी पुढच्या एन्झाइमच्या हाती लागत नाही, कारण नेमका हवा तो तुकडाच त्याच्यात नाही. तो तिथेच अडकतो आणि चमकत राहतो. म्हणजे माझ्या स्कॅनला दिसतात त्या दोनच गोष्टी: किती साखर दारातून आत आली, आणि किती जणांवर शिक्का बसला. आत गेलेल्या साखरेचं पुढे पेशी काय करते, हे आमच्या यंत्राला दिसत नाही. 'साखर खाते' या शब्दांमागची सगळी गंमत त्या न दिसणाऱ्या भागात आहे.

ती पहिल्यांदा पाहिली बर्लिनच्या ऑटो वारबुर्ग यांनी, १९२० च्या दशकात. उंदरांच्या गाठींचे कागदासारखे पातळ काप करायचे, ते छोट्या काचेच्या भांड्यात ग्लुकोजच्या द्रावणात ठेवायचे, आणि भांड्याला जोडलेल्या नळीतल्या द्रवाची पातळी किती हलली यावरून वायू किती वापरला, किती सुटला ते मोजायचं. साध्या पेशीला ऑक्सिजन मिळाला की ती ग्लुकोज शेवटपर्यंत जाळते. ऑक्सिजन नसेल तर अर्ध्यावर थांबून लॅक्टिक आम्ल बनवते. धावताना स्नायूत बनतं ते हेच, आणि दुधाचं दही होताना विरजणातले जंतू बनवतात तेही हेच. वारबुर्गना दिसलं ते विचित्र होतं. भरपूर ऑक्सिजन असतानाही गाठीचे काप ढिगानं लॅक्टिक आम्ल बनवत होते.

भांड्यातल्या कापावरून जिवंत शरीराबद्दल बोलू नये, अशी शंका कुणीही काढली असती. १९२५ मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्यानं ती मिटवली. कोंबडीच्या एका पंखात गाठ होती, दुसरा पंख साफ. दोन्ही पंखांतून परत येणारं रक्त त्यांनी तपासलं. गाठीच्या बाजूच्या रक्तात साखर कमी, लॅक्टिक आम्ल जास्त. एवढा स्वच्छ प्रयोग माझ्या पाहण्यात फार थोडा आहे.

हिशेब मांडला तर हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार दिसतो. ग्लुकोजचा एक रेणू मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत, नेऊन पूर्ण जाळला तर पेशीला सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. लॅक्टिक आम्लावर थांबलं तर फक्त २. वारबुर्ग यांनी यावरून ठरवलं की कॅन्सरच्या पेशीची भट्टीच बिघडलेली असते, मायटोकॉन्ड्रिया नादुरुस्त असतात, आणि कॅन्सरचं मूळ तिथेच आहे. श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी त्यांना १९३१ चं नोबेल मिळालं होतं, त्यामुळे शब्दाला वजन होतं. १९७० मध्ये वारले तोवर ते या मतावरून हलले नाहीत. मोजमाप त्यांचं अचूक होतं, पण त्यातून काढलेला अर्थ चुकला.

भट्टी बहुतेक गाठींमध्ये चालू असते. अमेरिकेत डॅलसमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी खुणेचं, पण किरणोत्सारी नसलेलं ग्लुकोज शिरेतून दिलं, आणि काढलेल्या गाठीत त्याचा कार्बन कुठे कुठे पोचला ते शोधलं. तो मायटोकॉन्ड्रियाच्या चक्रात सापडला. इतकंच नाही, त्याच गाठी रक्तातलं लॅक्टेटसुद्धा (लॅक्टिक आम्लाचंच रक्तातलं रूप) आत घेऊन जाळत होत्या. एका पेशीनं टाकलेलं दुसरीच्या चुलीत. प्रयोगशाळेत तर मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए काढून टाकलेल्या कॅन्सरपेशी उंदरात सोडल्या, तेव्हा त्यांनी गाठ धरायला वेळ लावला. ज्यांनी धरली त्यांनी उंदराच्या पेशींकडून मायटोकॉन्ड्रिया मिळवलेले निघाले.

भट्टी शाबूत, तर मग एवढी साखर कशाला? माझ्या रुग्णांना मी वाड्याचं उदाहरण देतो. गावात कुणाच्या तरी दारात रोज गाडीभर लाकूड उतरतंय. चुलीपुरतं सरपण लागतं हे ठाऊक असलेल्या शेजाऱ्याला वाटेल, यांच्याकडे केवढा स्वयंपाक! आत जाऊन बघावं तर तुळया आणि कड्यांचं काम चाललंय. ग्लुकोज हे सरपणही आहे आणि इमारती लाकूडही. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर सगळा डीएनए दुसऱ्यांदा बनवावा लागतो, त्यासाठी रायबोज साखर हवी. नवी आवरणं हवीत, त्यासाठी चरबी. नवी प्रथिनं हवीत, त्यासाठी अमिनो आम्लं. ग्लुकोज जळण्याच्या वाटेवर ठिकठिकाणी फाटे आहेत: एका फाट्यावर रायबोज आणि चरबी बांधायला लागणारं एनएडीपीएच मिळतं, दुसऱ्यावर सेरीन आणि ग्लायसीन ही अमिनो आम्लं. मायटोकॉन्ड्रियातलं सायट्रेटसुद्धा जाळण्याऐवजी बाहेर काढून चरबीच्या कामाला लावलं जातं. सगळं ग्लुकोज शेवटपर्यंत जाळून टाकलं तर या फाट्यांवर द्यायला काही उरणार नाही.

उदाहरण इथे थोडं लंगडं पडतं, तेही सांगतो. आलेल्या लाकडातलं बरंचसं वाड्यात लागतच नाही, लॅक्टेट होऊन दाराबाहेर जातं. त्याचं एक कारण हिशेबी आहे: ग्लुकोज फोडताना एनएडी नावाचा हमाल लागतो, तो ओझ्यानं भरला की काम थांबतं. ग्लुकोज फुटून झालेल्या पायरुव्हेटचं लॅक्टेट केलं की हमाल लगेच मोकळा. मायटोकॉन्ड्रियाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हे झटपट होतं. पण तेवढ्यानं सगळा उलगडा होतो का, यावर या विषयातली माणसं अजून भांडतात. ग्लुकोजइतकाच मोठा दुसरा माल ग्लुटामिन या अमिनो आम्लाचा असतो. हॅरी ईगल यांनी १९५५ मध्येच पाहिलं होतं की काचेत वाढवलेल्या पेशींना ते इतर अमिनो आम्लांपेक्षा कितीतरी जास्त लागतं. एफडीजीनं ग्लुटामिन दिसत नाही, म्हणून ते लोकांच्या बोलण्यातही नाही. ते दिसत असतं तर घराघरात डाळ बंद झाली असती.

आणि हे सगळं कॅन्सरनं शोधून काढलेलं नाही. जी पेशी भराभर वाढायचं ठरवते ती असंच वागते. आपल्याकडे रोज भेटणारं उदाहरण म्हणजे टीबी. छातीतल्या किंवा मानेतल्या गाठी स्कॅनवर लखलखतात, रिपोर्ट हातात पडताच घर कोसळतं, आणि सुईनं तुकडा काढून पाहिल्यावर टीबी निघतो. तिथे चमकतात त्या जंतूंशी लढायला पेटून उठलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी. म्हणूनच नुसत्या चमकेवर कॅन्सर ठरवू नका, तुकडा काढा, असं आम्ही रेटून सांगतो. गाठीच्या आतही तेच: २०२१ मध्ये उंदरांच्या गाठींतल्या पेशी वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हा पेशीमागे सगळ्यात जास्त ग्लुकोज कॅन्सरच्या पेशींनी नव्हे, तर गाठीत शिरलेल्या काही पांढऱ्या पेशींनी घेतलं होतं. तुमच्या रिपोर्टमधल्या ११ या आकड्याकडेही त्याच नजरेनं बघा. औषध अंगभर सारखं पसरलं असतं तर सगळीकडे १ आला असता. तिथे ११ पट साचलं, एवढाच त्याचा अर्थ. तो गुणपत्रिकेतला आकडा नाही. स्तनाच्याच कॅन्सरचा लोब्युलर नावाचा प्रकार अनेकदा मंद दिसतो, प्रोस्टेटचे कित्येक कॅन्सर एफडीजीला दिसतच नाहीत. ते साखरेशिवाय जगतात असं थोडंच आहे?

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आईंच्या स्कॅनमध्ये आहे. स्कॅनला येताना त्या किमान सहा तास उपाशी होत्या. साखर तपासूनच इंजेक्शन दिलं असेल. पोटात काही नव्हतं, तरी गाठ लख्ख दिसली. मग गाठीनं साखर आणली कुठून? यकृतातून. अख्ख्या रक्तात मिळून जेमतेम चमचाभर साखर फिरत असते, आणि ती पातळी राखायला शरीर जिवाचं रान करतं, कारण एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. तुम्ही पोळी बंद केलीत की यकृत आधी स्वतःकडचा साठा काढतं. तो दिवसाभरात आटतो. मग ते स्नायू मोडून त्यांच्या अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवायला लागतं. गाठीच्या दारात साखर पोचतेच, फक्त आता ती आईंच्या दंडा-मांड्यांमधून पोचते. त्या चार किलोंतला काही भाग तिथलाच असणार.

यात आणखी एक मेख आहे. गाठीनं सोडलेलं लॅक्टेट यकृतात येतं आणि यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. कोरी जोडप्याच्याच नावानं हे चक्र ओळखलं जातं. गाठीला एका ग्लुकोजमागे मिळाले २ एटीपी, यकृताला ते परत जुळवायला लागले ६. आजार पसरलेला असतो तेव्हा ही गळती वजन उतरण्याला हातभार लावते. अशा माणसाचं ताट आपण कमी करायचं?

उलट बाजूचा एक किस्सा सांगतो. एक आजोबा स्कॅनला आले, 'काही खाल्लं नाही' म्हणाले. स्कॅनमध्ये मांड्या, खांदे, हृदय सगळं उजळलेलं आणि गाठ फिकी. खोदून विचारलं तर म्हणाले, "चहा घेतला हो दोन कप, चहा म्हणजे काय खाणं झालं का?" चहातल्या साखरेनं इन्शुलिन वाढलं, इन्शुलिननं स्नायूंची दारं उघडली, आणि आमचा एफडीजी तिकडे गेला. यावरून साखर खाल्ली की गाठ कमी खाते असं मात्र समजू नका. साध्या साखरेच्या गर्दीत खुणेची साखर मागे पडली, हेही त्यात आहेच. पण खाल्लेली साखर थेट गाठीत जाऊन पडते, हे चित्र किती चुकीचं आहे ते त्या मांड्यांनी दाखवलं. स्कॅन दुसऱ्या दिवशी परत करावा लागला, तेही उपाशीपोटी. आजोबा माझ्यावर अजून नाराज असतील.

गाठीला साखर किती मिळते हे ताटावर कमी आणि गाठीच्या आतल्या हुकमांवर जास्त ठरतं. ग्लुट-१ ची दारं किती लावायची, हेक्झोकायनेज किती बनवायचं, हे वाढीचे संदेश सांगतात. जीआयएसटी नावाच्या पोटातल्या गाठीत हे डोळ्यांनी दिसतं: इमॅटिनिबच्या गोळ्या सुरू केल्यावर काही रुग्णांत एका दिवसात चमक विझते, गाठ मात्र आकारानं तेवढीच असते. हुकूम बंद झाला, खरेदी थांबली. स्तनाच्या हार्मोन-पॉझिटिव्ह कॅन्सरपैकी सुमारे ४० टक्क्यांत पीआयकेथ्रीसीए या जनुकात बिघाड असतो. वाढीचा संदेश नेणारी ही तार आणि इन्शुलिनची तार एकच. म्हणून ती कापणारं अल्पेलिसिब हे औषध दिलं की रक्तातली साखर वाढते, आणि अशा रुग्णांना डॉक्टर स्वतःच कर्बोदकं कमी करायला सांगू शकतात. आहाराला जागा आहे ती अशी, विशिष्ट औषधाबरोबर, कुणीतरी लक्ष ठेवून. उंदरांमध्ये कीटो आहारानं (कर्बोदकं अगदी कमी, चरबी भरपूर) अशा औषधाचा परिणाम वाढला, तसंच नुसत्या कीटोनं एका प्रकारचा रक्ताचा कॅन्सर जोरात वाढला, हेही त्याच २०१८ च्या अभ्यासात दिसलं. व्हॉट्सअॅपवर पहिलं अर्धं वाक्यच फिरतं.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीबद्दलही विचाराल, सगळेच विचारतात. मधुमेह नसलेल्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांना ते देऊन पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला, आजार परतण्यात फरक पडला नाही. अल्कधर्मी पाणी विकणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवा. गाठीभोवती आम्लता असते हे खरं, ती लॅक्टेटबरोबर बाहेर पडणाऱ्या आम्लाचीच. पण पाणी पिऊन रक्ताची आम्लता बदलत नाही, तर गाठीची काय बदलणार.

पेशीच्या चयापचयावर घाव घालणारी औषधं नाहीत असं मात्र समजू नका, ती केमोइतकीच जुनी आहेत. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं नाव आपल्याकडे शाळेत शिकवत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर १९२९ मध्ये स्नायूतलं एटीपी ओळखणाऱ्यांपैकी ते एक. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते सापडलं. पुढे लेडर्ली कंपनीत सुब्बाराव यांच्या हाताखाली फॉलिक आम्लाला बनावट पर्याय तयार झाले, आणि त्यातलं अमिनोप्टेरिन वापरून सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर काही काळ मागे हटवून दाखवला. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट आजही रोज वापरात आहे. ते साखर तोडत नाही, डीएनएच्या विटा पाडायचा कारखाना बंद करतं. मुलांच्या ल्युकेमियातलं अॅस्परॅजिनेज तर खऱ्या अर्थानं उपासमार करतं: त्या पेशींना अॅस्परॅजिन पुरेसं बनवता येत नाही, साध्या पेशींना येतं, म्हणून रक्तातलं अॅस्परॅजिन संपवलं की त्याच मरतात. उपाशी मारायचं तर असा फरक हाताशी लागतो. ग्लुकोजच्या बाबतीत तो फरक मिळत नाही, तुमच्या आईंच्या मेंदूलाही तेच हवं असतं.

ताटाचं म्हणाल तर: दोन्ही वेळा पोटभर घरचं जेवण, त्यात डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडी, मासे. चहात साखर घालत असतील तर घालू द्या. कोल्ड्रिंक, मिठाई रोज नको, ते तुम्हालाही नको. लठ्ठपणा आणि सतत वाढलेलं इन्शुलिन यांचा स्तनाच्या कॅन्सरशी, विशेषतः पाळी गेल्यानंतर, संबंध आहे. पण वजनाचं पुढे डॉक्टरांच्या सल्ल्यानं सावकाश बघता येईल, केमोच्या तोंडावर नाही. मधुमेह असेल तर साखर तपासत राहा, कारण केमोसोबत उलट्या थांबवायला देतात त्या स्टेरॉइडनं ती चढते.

पुढचा स्कॅन बहुधा काही केमो झाल्यावर सांगतील. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याची तारीख टेक्निशियनला आठवणीनं सांगा. त्या इंजेक्शननं हाडांमधला मगज भराभर पेशी बनवायला लागतो आणि कणा वरपासून खालपर्यंत उजळून निघतो. ठाऊक नसेल तर बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. आदल्या दिवशी फार चालायला लावू नका. इंजेक्शननंतरचा तासभर गप्प पडून राहायचं, मोबाइलवर बहिणीशी गप्पा नाहीत, तोंडात सुपारी नाही, नाहीतर जीभ आणि जबडाच चमकतो. आणि स्वेटर द्या बरोबर. आमच्या खोलीत एसी फार असतो. थंडी वाजली की मानेजवळची तपकिरी चरबी ऊब आणायला साखर ओढते, आणि मग ती गाठ आहे की चरबी हे ठरवत मी अर्धा तास बसतो.